वॉकर, पाऊल, पाऊल

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक नवा आवाज राहायला आला. टक्, मग पाऊल, मग पाऊल. आधी वॉकर पुढे टेकवायचा, मग ऑपरेशनचा पाय, मग दुसरा. वॉकर हलका, चटकन पुढे जातो. पावलं मात्र जपून, सावकाश पडतात. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून ऐकताना लक्षात आलं, आई त्या चालीवर मनाचे श्लोक म्हणते आहे. आणि ते नेमके बसताहेत.

बसणारच. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्याच्या एका चरणात चार यगण. यगण म्हणजे लघू, गुरू, गुरू: एक आखूड अक्षर, मग दोन लांब. चरणाला चार वेळा वॉकर, अख्ख्या श्लोकाला सोळा वेळा. तेवढ्यात ती हॉलच्या दारापासून बाल्कनीतल्या तुळशीपाशी पोचते.

इथल्या हिंदी शाळेत मी ‘यमाताराजभानसलगा’ हे गणांचं सूत्र घोकलं होतं. आई ‘लगम्’ म्हणते, एवढाच फरक. त्यातलं कुठलंही अक्षर पुढच्या दोघांसकट उचललं की त्या गणाचा साचा हाती येतो: यमाता, मातारा, ताराज. लघू-गुरूंच्या तीन जागा, म्हणून गण आठ. पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून चालत आलेली ही मोजणी. ती मला पाठ होती, पण यगण कसा चालतो हे आईच्या गुडघ्यानं दाखवलं.

गण या शब्दात पाऊल नाही. गण म्हणजे समूह. पाऊल आहे ते चरणात, पादात. ग्रीकांनी पायाचं नाव वृत्तातल्या छोट्या तुकड्याला दिलं, त्याच्या दोन भागांना पाय उचलणं आणि टेकवणं म्हटलं. नाचाच्या पावलांशी त्याचं नातं जोडतात. आपल्याकडे पाद म्हणजे पुरी ओळ. जनावराच्या चार पायांतला एक, म्हणून चौथा हिस्सा, असा त्याचा अर्थ लावतात. पण गायत्री तर तीनच पादांची! तिथे चौथाईचा हिशेब चालत नाही. मला वृत्तांची नावंच जास्त खरी वाटतात. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल, मंदाक्रांता म्हणजे हळूहळू पाऊल टाकत जाणारी.

ही मंदाक्रांता तर आमच्या शेजारची. भोपाळजवळच्या झिरी गावापाशी बेतवा उगम पावते आणि विदिशेकडे जाते. मेघदूतातली वेत्रवती ती हीच. कालिदासाचा मेघ विदिशेपाशी तिचं पाणी पितो, आणि सगळं काव्य या एकाच वृत्तात. चरणाची पहिली चारही अक्षरं गुरू, भरलेला ढग जागचा हलायला वेळ लागावा तशी. मग पाच लघू एका दमात, वारा लागल्यासारखे. मग पुन्हा गुरूंचा संथपणा. सतरा अक्षरांत ढग उठतो, धावतो, रेंगाळतो.

दीड महिन्यानं आईच्या हाती काठी आली. काठी आणि ऑपरेशनचा पाय एकदमच पुढे टाकायचे असतात. म्हणजे ठोके दोनच. सुरुवातीचा लघू गेला. आईनं दोन-तीनदा श्लोक सुरू केला, पहिल्या चरणातच अडखळली. “हे बसत नाही गं,” म्हणाली आणि गप्प चालत राहिली. घर फार शांत झालं.

परवा संध्याकाळी तिनं काठी भिंतीला टेकवून ठेवली.

“तो वॉकर आण,” म्हणाली, “श्लोक राहिलेत.”