लॅमिंग्टन रोडवरचा एक शनिवार

सगळा जन्म मुंबईत काढला तरी मुंबईचे काही रस्ते आपल्या पायाखाली येत नाहीत. आम्ही कचेरीत कारकुनी करून उरलेल्या वेळात वस्तीचे काम पाहणारे. सभा, मोर्चे, अर्ज-विनंत्या यांच्या निमित्ताने मंत्रालयापासून भायखळ्यापर्यंतचे रस्ते आम्हाला पाठ. पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेरच्या लॅमिंग्टन रोडवर आम्ही कधी खरेदीला गेलो नव्हतो. तो योग परवाच्या शनिवारी आला. घ्यायचे होते एक ग्राफिक्स कार्ड, तेही नवे नव्हे, वापरलेले.

ज्यांना ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकाच्या पोटात एक मुख्य चिप असते, ती सर्व कामे करते. पण चित्रांचे अवजड काम आले की ती दमते. तेवढे काम उचलण्यासाठी आत एक वेगळी पट्टी बसवतात. तिच्यावर तिची स्वतःची चिप, स्वतःची मेमरी आणि स्वतःचा पंखा असतो. हेच ग्राफिक्स कार्ड. पोरे ते खेळांसाठी घेतात हे खरे, पण कित्येकांची रोजी-रोटीही त्याच्यावर चालते.

आमच्या शेजारच्या ताई तीन घरी स्वयंपाक करतात. त्यांचे पती रात्रपाळीचे रखवालदार. मुलगी बारावीनंतर अ‍ॅनिमेशन शिकते. घरात एका कचेरीने काढून टाकलेला जुना संगणक आहे आणि त्यावर ब्लेंडर नावाचा प्रोग्राम. हा प्रोग्राम फुकट मिळतो, चोरून वापरावा लागत नाही. वर्षाअखेर तिला १० सेकंदांची फिल्म द्यायची आहे. तिने हिशेब मांडून दाखवला. एका सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे १० सेकंदांना २४०. तिच्या संगणकावर एका चित्राला १२ मिनिटे लागतात. म्हणजे २,८८० मिनिटे, पुरे ४८ तास! त्यात एक चूक निघाली की पुन्हा दोन दिवस. आम्ही बी. कॉम. झालेलो, पण असला ताळेबंद आम्हीही प्रथमच पाहिला.

याआधी एकदा हात पोळला होता. तिच्या थोरल्या भावाने जूनमध्ये एका अनोळखी माणसाकडून स्टेशनाबाहेर रोख २,८०० रुपये देऊन कार्ड घेतले. ते दोन दिवसही चालले नाही आणि त्या माणसाचा फोन कायमचा बंद झाला. ताई मुलाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. या खेपेस भिशीचे ६,५०० रुपये हातात ठेवून त्या आम्हाला एवढेच म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही सोबत जा." त्या पैशांचे ओझे आम्हाला कचेरीच्या तिजोरीच्या चावीपेक्षा जड वाटले.

आम्ही मध्य रेल्वेचे. दादरला उतरून पूल ओलांडला आणि चर्चगेटकडे जाणारी धीमी गाडी पकडली, कारण सगळ्याच जलद गाड्या ग्रँट रोडला थांबत नाहीत. लोअर परळ आले तशी मुलगी खिडकीकडे सरकली. तिचे आजोबा येथल्या एका गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांचे काम गेले ते गेलेच. आज त्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. "काका, आजोबांचं मशीन गिरणीचं होतं ना? स्वतःचं नव्हतं," ती म्हणाली. आम्ही मान हलवली. पुढे मुंबई सेंट्रलपर्यंत कोणी काही बोलले नाही.

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून पाच-सात मिनिटे चालले की हा रस्ता लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव त्याला होते. पालिकेच्या पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. एके काळी हा रस्ता चित्रपटगृहांचा. १९७५ साली लागलेला 'शोले' येथल्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. आज मिनर्व्हा राहिले नाही. रेडिओच्या सुट्या भागांचा बाजारही येथे जुनाच, त्यातूनच पुढे संगणकाचा बाजार वाढला. पदपथावर वायरींची भेंडोळी, रिमोट, चार्जर यांचे ढीग. जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर हातभर रुंदीची दुकाने आणि वर पोटमाळ्यावर भिंग लावून डाग देत बसलेले कारागीर. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून कामकरी माणसाने शनिवारच धरावा.

दुकानात शिरण्याआधी मुलीने वहीचे एक पान काढले. घरी संगणकाचे झाकण उघडून तिने सर्व टिपून आणले होते. वीज पुरवणारा डबा २९० वॅटचा. कार्डाला जोडायची जादा वायर त्यातून निघत नाही. जागा किती इंच, तेही फूटपट्टीने मोजलेले. खाली ठळक लिहिले होते, "७५ वॅटच्या आत." ज्या खाचेत कार्ड बसते ती खाच ७५ वॅटपर्यंतच वीज देते. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला वेगळी वायर लागते. जी वस्तू आणायची तिच्याआधी घर मोजायचे, हे शहाणपण पोरीने स्वतःच कमावले होते.

पहिल्या दुकानात शेठनी नवे कोरे खोके पुढे ठेवले. जीटी ७३०, ४ जीबी, किंमत आमच्या पैशांत बसणारी. ४ जीबी पाहून आम्ही हरखलो. मुलीने हळूच सांगितले, "काका, हे २०१४ चं आहे. मेमरी जुन्या डीडीआर-३ जातीची. आकडा मोठा, पण चाल गोगलगायीची." आम्ही खोके परत केले. नवे म्हणजे चांगले, हा आमचा समज तेथेच गळाला.

दुसऱ्या दुकानातला मोह मोठा होता. आरएक्स ५८०, ८ जीबी, दोन पंखे, ५,५०० रुपये. "अंकल, इस रेट में इससे तगडा कुछ नहीं," विक्रेता म्हणाला, आणि तो खोटे बोलत नव्हता. वस्तू तगडीच. पण ती १८५ वॅट खाते. आमच्या डब्याला ती झेपणार नाही. डबा बदलायचा तर आणखी अडीच हजार, आणि कचेरीतल्या अशा संगणकांची जोडणी पुष्कळदा निराळ्या घाटाची असते, साधा डबा बसेलच असे नाही. शिवाय ब्लेंडरच्या ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीपासून, चित्रे तयार करण्याचे काम या पिढीच्या कार्डावर चालतच नाही. म्हणजे बैल धिप्पाड, पण आमच्या औताला न जुंपणारा.

आम्ही विचारले, इतकी जुनी कार्डे येतात कोठून? काउंटरवरच्या पोऱ्याने मोकळेपणे सांगितले. इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक अशी कार्डे रात्रंदिवस चालवत. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि ढिगांनी माल जुन्या बाजारात आला. असे कार्ड वाईटच असते असे नाही, पण त्याचे पंखे आणि मेमरी झिजलेली असू शकते. म्हणून चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

तिसरे दुकान पोटमाळ्यावर होते. लाकडी जिना इतका उभा की दोरी धरून चढलो. तेथे दोन कार्डे पुढे आली. एक जीटीएक्स १०५० टीआय, ४,५०० रुपये. दुसरे जीटीएक्स १६५०, ७,००० रुपये. दोन्ही ४ जीबीची, दोन्ही ७५ वॅटची. १६५० चे काही नमुने जादा वायर मागतात, म्हणून मुलीने कार्डाची कड निरखून पाहिली. हे बिनवायरीचे होते.

भावाचे फसलेले कार्डही १०५० टीआय म्हणूनच विकलेले. ते तिने पिशवीतून काढून कारागिराला दाखवले. त्यांनी उलटे करून मागची बाजू पाहिली आणि लगेच म्हणाले, "बेटा, हे बघ." मागे निळा, पंधरा छिद्रांचा, जुन्या पडद्याचा सॉकेट होता. खऱ्या १०५० टीआयच्या चिपमधून ती जुनी जोडणी निघतच नाही. कोणी तरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्डात खोटे नाव भरले होते. संगणक ते नाव वाचतो आणि आपणही फसतो. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्राम अशी पुष्कळ सोंगे पकडतो. एका नजरेची पारख नव्हती म्हणून २,८०० रुपये गेले होते!

आता निवड दोहोंत. मुलगी घुटमळली. "काका, १०५० टीआय घेऊ या का? पैसे वाचतील. आईला महिन्याचं सामान भरता येईल." आम्हाला लगेच उत्तर सुचेना. स्वस्त वस्तूही तिचे काम करणार होती. तेव्हा कारागीरच म्हणाले की, त्या पिढीच्या कार्डांसाठी कंपनीने खेळांचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे म्हटले आहे. १६५० हे २०१९ चे, एका पिढीने पुढचे. मुलीने वहीत आकडे मांडले आणि म्हणाली, "मग दोन वर्षांनी आईला परत भिशी लावावी लागेल." निवड तिने केली, आम्ही नाही.

घासाघीस आमच्या वाट्याची. ७,००० चे ६,२०० झाले. पण पैसे देण्याआधी आम्ही कार्ड लावून दाखवा म्हटले. कारागिरांनी कुरकुर केली नाही. जीपीयू-झेडमध्ये नाव, मेमरी पाहिली. मग फरमार्क हा प्रोग्राम लावून कार्डाला १५ मिनिटे दमवले. आम्ही तिघे पडद्याकडे डोळे लावून बसलो. रंगीत ठिपके, आडव्या रेघा दिसल्या असत्या तर कार्ड आजारी. पंखा खरखरला असता, जळका वास आला असता, तरी नकार. तापमान ७४ अंशांवर जाऊन थांबले. त्या १५ मिनिटांत आम्हाला परीक्षेच्या निकालाची आठवण झाली.

शेवटी पावती. "सेकंड में बिल नहीं होता, अंकल," असे आधीच्या दुकानांत ऐकले होते. कारकुनाला कागदाशिवाय झोप येत नाही. आम्ही म्हटले, छापील नको, हाताने लिहा. कार्डाचे नाव, त्यावरचा अनुक्रमांक, रक्कम, तारीख, एक महिन्याची हमी आणि सही. कारागिरांनी लिहून दिले. ज्याचा माल खरा त्याला सही करायला हात जड होत नाही.

जिना उतरताना मुलगी थबकली. घरचा पडदा जुना, त्याला तोच निळा सॉकेट! नव्या कार्डाला तो जुळणार नव्हता. खाली एका दुकानात जोडणीचा तुकडा ३०० रुपयांना मिळाला. भिशीचे ६,५०० बरोबर संपले. नाक्यावरचा वडापाव आमच्यातर्फे झाला.

रात्री कार्ड बसले. ताई कामावरून येऊन उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. पहिले चित्र अडीच मिनिटांत तयार झाले. मुलीने पुन्हा हिशेब केला, २४० चित्रांना १० तास. ताईंना यातले फारसे कळले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, पैसे बुडाले नाहीत ना?" आम्ही पावती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी करून शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवली.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात जुनी वस्तू घेणे कमीपणाचे नाही. आंधळेपणाने घेणे मात्र आपल्याला परवडत नाही. श्रीमंताची चूक त्याच्या कपाटात पडून राहते, आपली चूक दुसऱ्या महिन्याच्या चुलीवर येते. म्हणून आधी घरचा संगणक उघडून डबा किती वॅटचा, वायर आहे का, जागा किती, पडद्याची जोडणी कोणती, हे लिहून न्यावे. काम कोणते, ते ठरवून कार्ड शोधावे. समोर चालवून पाहावे. अनुक्रमांकासह पावती घ्यावी. आणि घरातल्या पोरीला विचारावे, तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

तिने ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लावली आहे. परवा संध्याकाळी दोन मुले ती वहीत उतरवून घेत होती. पुढच्या शनिवारी तीही ग्रँट रोडला जाणार आहेत.