मुनीमकाका आणि गाडीपुऱ्यातल्या आत्या

लातूरला लोक शिकायला येतात आणि नांदेडला दर्शनाला. काम झालं की दोघंही परतीची गाडी धरतात. लातूरला अकरावी-बारावी काढलेल्या कितीतरी डॉक्टर-इंजिनिअरांना मी विचारून पाहिलं आहे. त्यांना क्लासचा जिना आठवतो, मेसची भाजी आठवते, गाव आठवत नाही. गावातल्याच माणसाला विचारावं, तर तो म्हणतो, "आमच्याकडं काय हाय बघण्यासारखं?"

हे वाक्य माझ्या तोंडी कधी आलं नाही, ते दोन माणसांमुळे. एक लातूरचे, एक नांदेडच्या, सख्खे बहीण-भाऊ. माझं त्यांचं रक्ताचं नातं नाही. नावं छापलेली त्यांना रुचणार नाहीत, म्हणून ज्या नात्यानं मी त्यांना हाक मारत आले तेच इथं लिहिते.

आमचं गाव मुखेड तालुक्यात. दहावीला मार्क बरे पडले तेव्हा वडिलांनी 2001 साली मला लातूरला आणून ठेवलं. 'लातूर पॅटर्न'चा तो भराचा काळ. मुनीमकाकांच्या माडीवर आम्ही पाच-सहा मुली राहायचो. काका आडत दुकानात मुनीम होते. अंगात पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोटांच्या पेरांत तूरडाळीचा पिवळा कोंडा. पहाटे उठून फिजिक्सच्या क्लासला पळायचं, रात्री अकरापर्यंत गणितं सोडवायची, एवढंच आमचं आयुष्य होतं. आडत बंद असली की काका जिन्यात उभे राहून आवाज द्यायचे, "काय बसलाव गं पुस्तकं घेऊन दिसभर? उतरा खाली." काकू मागून डबा भरत असायच्या.

पहिल्यांदा त्यांनी नेलं ते गंजगोलाईत. क्लासच्या वाटेवर आम्ही ती रोज ओलांडायचो, पण बघितली कुणीच नव्हती. 1917 साली बांधलेली ही गोल दुमजली बाजारपेठ. मधोमध जगदंबेचं देऊळ आणि तिथून चहूकडे फुटलेले सोळा रस्ते. आराखडा फैय्याजुद्दीन नावाच्या रचनाकाराचा. काकांनी आम्हाला देवळापाशी उभं केलं आणि म्हणाले, "सोळा रस्ते हायेत. एकेकीनं एकेक धरा, टोकाला जाऊन या, आन् काय बघितलं ते सांगा." एक सोन्याच्या पेढ्यांतून आली, एक भांड्यांच्या खणखणाटातून, एक कापडाच्या दुकानांतून. माझ्या वाट्याला आलेल्या गल्लीत बैलांचे कासरे, घुंगरमाळा आणि गोंडे लटकलेले होते. काकांनी तिथं मला सुताचा आणि नायलॉनचा कासरा हातात देऊन दोन्हीतला फरक दाखवला. नायलॉन बैलाच्या मानेला काचतो, सूत काचत नाही. शेतकऱ्याची पोर असून मला ते माहीत नव्हतं. शहर कसं बघायचं, हे मी त्या दुपारी शिकले.

मग ती रीतच पडली. महाशिवरात्रीला सिद्धेश्वर-रत्नेश्वराची यात्रा. औशाचा भुईकोट. चाकूरजवळचं वडवळ नागनाथ बेट, जिथल्या औषधी झाडपाल्यासाठी लोक लांबून येतात. तुळजापूरला जाताना उजनीत थांबून बासुंदी. उदगीरचा किल्ला बघायला गेलो, तेव्हा काका खंदकाच्या काठावर बसले आणि 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं कसं नमवलं ते सांगू लागले. पुढच्याच वर्षी पानिपत झालं, हे सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. हत्तीबेटावर गेलो, तेव्हा मात्र काकू बोलल्या. रझाकारांशी लढणाऱ्या पोरांनी त्या टेकडीचा आसरा घेतला होता, आणि काकूंच्या माहेरच्यांनी त्यांना भाकरी पोचवल्या होत्या.

खरोशाच्या लेण्यांनी माझी वाट बदलली. औसा तालुक्यातली ही टेकडी जांभ्या दगडाची. वेरूळच्या काळ्या पाषाणासारखी धार या दगडाला येत नाही. वारा-पाण्यानं तो भुरभुरतो, म्हणून मूर्तींचे चेहरे पुसट झाले आहेत. पण नरसिंह ओळखू येतो, शिवाचे प्रसंग ओळखू येतात. मी एका भिंतीवर हात ठेवला, तर तळव्याला लाल माती लागली. सहाव्या शतकाच्या सुमाराचं हे काम, आणि आमच्या पाठ्यपुस्तकात त्याची एक ओळही नव्हती. हे कुणी कोरलं, पैसा कुणी दिला, इथंच का कोरलं, असं मी काकांना विचारत सुटले. ते शांतपणे म्हणाले, "मला न्हाई ठावं. तू शिक आन् मला सांग."

बारावीनंतर मला इतिहास शिकायचा आहे, हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा घरात चूल पेटली नाही. काका एसटीनं आमच्या गावी आले. रात्रभर ओसरीवर वडिलांशी काय बोलले ते मला आजही ठाऊक नाही. सकाळी वडील एवढंच म्हणाले, "नांदेडला नाव घाल." आज मी कॉलेजात इतिहास शिकवते. पगाराचा रुपया हातात येतो तेव्हा त्यात त्या रात्रीचा वाटा आहे, हे मी जाणते.

पण त्याआधीची येळवस सांगायलाच हवी. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही भागात सगळं गाव शेतात जातं. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं, दुकानांची शटरं खाली असतात. पंचांगात काहीही लिहिलेलं असो, आमच्याकडे दिवाळीपेक्षा हा सण मोठा. काकांचं शेत शहराबाहेर होतं. आदल्या रात्रभर काकू आणि शेजारणी भज्जी करत बसल्या. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, चिंचेचं पाणी, बेसन आणि मिळेल ती पालेभाजी. सोबत बाजरीचे उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर. आंबील तर आधीच मुरत ठेवलेली. ताकात ज्वारीचं पीठ, वरून लसूण-आल्याचा झणका.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. काकांनी पूजा केली आणि उभ्या पिकावर आंबील शिंपत शेताला फेरी घातली, मागून आम्ही ओरडत. मग जेवण. वाटेनं जाणारा कुणीही असो, ओळखीचा, अनोळखी, सायकलवरचा, ट्रकवाला, काका त्याला हात करून बोलवत. एक मोटारसायकलवाला घाईत होता, नको नको म्हणत होता. काकांनी त्याच्या गाडीची चावीच काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. तो जेवला, आंबिलीचा दुसरा गडू मागितला, आणि जाताना काकूंच्या पाया पडला. आम्ही झोके खेळलो, पतंग उडवले, गव्हाच्या बांधावर आडव्या होऊन झोपलो. तिन्हीसांजेला काकांनी हेंडगा पेटवला आणि ती मशाल घेऊन सगळ्या शेताभोवती पळाले. साठीला आलेला माणूस, धोतर खोचून, पोरासारखा पळत होता. सीईटी तोंडावर आलेल्या आम्हा मुलींना त्या दिवसात एकदाही परीक्षेची आठवण झाली नाही.

बाहेरच्यांना लातूर माहीत आहे ते बातम्यांतून. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आणि 2016 मधली मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे. काकांनी आम्हाला जिल्हाभर फिरवलं, पण किल्लारीला कधी नेलं नाही. भूकंपानंतरच्या आठवड्यात आडतीतल्या हमालांबरोबर ते तिथं ढिगारे उपसायला गेले होते. "तिथं बघायला जायचं नसतं," एवढंच ते म्हणाले. मी इतिहासाची असूनही ते मानत आले आहे.

नांदेडच्या आत्या मला भेटल्या त्या माळेगावच्या यात्रेत. लोहा तालुक्यातलं माळेगाव लातूर-नांदेड रस्त्यावरच आहे, दोन शहरांच्या मध्ये. खंडोबाची यात्रा भरते तीही येळवशीच्या सुमारास, त्यामुळे हे बहीण-भाऊ दरवर्षी तिथं भेटायचे. येळकोटाचा गजर, उधळलेला भंडारा, वाघ्या-मुरळी, कुस्त्यांचा फड, लावणीचे तंबू, आणि मैलभर पसरलेला जनावरांचा बाजार. घोडे, उंट, गाढवं, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी, तांबूस लाल कंधारी. काकांनी गाढवांच्या बाजारापाशी उभ्या असलेल्या आत्यांना सांगितलं, "ही पोरगी तुझ्याकडं येणार हाय." आत्यांनी माझ्या दंडाला धरून बघितलं आणि म्हणाल्या, "किती वाळलीस गं. काही खायलीस की नाही?" तो माझा नांदेडातला प्रवेश.

आत्यांचं घर जुन्या नांदेडात, गाडीपुऱ्यात. तिथून गोदावरीचे घाट पायी चालण्याच्या अंतरावर. पीपल्स कॉलेजात माझं नाव होतं. नरहर कुरुंदकर ज्या वर्गांतून बोलले, तिथं आम्ही बसतो याचा आम्हाला अभिमान असे. पण रविवार आत्यांचा. मी हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आधीही गेले होते, सगळे जातात तसं, डोकं टेकवून बाहेर. आत्या मला लंगरमध्ये घेऊन गेल्या. लांब पाटांभोवती बायका बसलेल्या, मध्ये कणकेचे डोंगर. आत्यांनी पदर डोक्यावरून घेतला, कानामागे खोचला आणि लाटणं उचललं. ज्वारीच्या भाकरी थापण्यात आयुष्य गेलेले ते हात. त्यांची पोळी भाकरीएवढी जाड व्हायची. समोरच्या पंजाबी बाई हसून ती परत लाटायच्या, आत्याही हसायच्या. एकमेकींची भाषा दोघींना नीट येत नव्हती आणि त्यांचं काही अडत नव्हतं. वर्षानुवर्षं ही बाई तिथं पोळ्या लाटत होती आणि शेजारीपाजारी कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. हे माझं नांदेड.

गुरू गोविंदसिंगजींनी 1708 साली इथं देह ठेवला. हजूर साहिबची आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात उभारली. हे सगळं पुस्तकात मिळतं. रोज गोदावरीचं पाणी गागरीत भरून तख्ताच्या सेवेसाठी वाजतगाजत नेलं जातं, हे मला आत्यांनी दाखवलं. होला मोहल्ल्याला आणि दसऱ्याला निघणारा हल्ला त्यांनीच एका ओळखीच्या गच्चीवरून दाखवला. निशाण, घोडे, आणि एका क्षणात धावत सुटलेला जनसमुदाय. 2008 साली गुरुता गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, रस्ते रुंद झाले, घाट सुधारले. गोविंद बागेतल्या रोषणाईपुढे संध्याकाळी लहान पोरं टाळ्या वाजवतात. आत्यांना मात्र अजून नंदगिरी किल्ल्याची भिंत आणि खालचं पात्रच आवडतं.

पावसाळ्यात विष्णुपुरीच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की अर्धं नांदेड तिकडे लोटतं. काळेश्वराला पाया पडायचं आणि काठावर भाजलेलं कणीस खायचं. श्रावणात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. माहूरला रेणुकेचा तांबूल, त्यासाठी आत्या घरून रिकामी डबी नेत. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन देवळं मी त्यांना दाखवली, कारण तोवर मी शिकले होते. कंधारला मात्र दोघींनी मिळून शोध घेतला. राष्ट्रकूट राजे ज्या नगरीचं नाव बिरुदात मिरवत, ती ही. तिथं क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे तुकडे पडलेले आहेत. दगडी पाऊल एवढं मोठं, की आत्या त्याशेजारी बसल्या तेव्हा लहान मुलीसारख्या दिसल्या. "ह्याचं तोंड कसं असंल गं?" त्यांनी विचारलं. कंधारच्या त्या पावलावर मी पुढे वर्गात कितीदा बोलले असेन. सुरुवात दरवेळी आत्यांच्याच प्रश्नानं करते.

पहिल्या पगारातून मी काकांना धोतरजोडी आणि आत्यांना इरकल घेऊन गेले. आत्यांनी लगेच नेसून दाखवलं. काकांनी घडी तशीच माझ्या हातात परत दिली. "माडीवर नवीन पोरी आल्यात. त्यांना खरोसा दाखवायचा हाय, माझे गुडघे चालंनात. तू ने." मी नेल्या. त्यानंतर दरवर्षी नेते. आता काका नाहीत, माडीवर काकूंच्या हाताखाली दुसऱ्याच मुली आहेत, आणि त्यांच्याकडून मी एवढंच घेते की परत आल्यावर काकूंना काय बघितलं ते सांगायचं.

लातूरला मुलं ठेवलेल्या आईबापांना माझी विनंती आहे. महिन्यातला एक दिवस त्यांना टेस्ट सिरीजमधून सोडवा आणि गंजगोलाईत उभं करा. हजूर साहिबला येणाऱ्यांनी परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढावं, कंधार तेवढ्यात होतं. खरोशाला जाताना पाणी सोबत घ्या आणि उन्हाच्या आधी टेकडी चढा. आणि येळवशीच्या दिवशी लातूरकडच्या रस्त्यानं जात असाल, तर शेतात कोप दिसली की गाडी थांबवा. जेवल्याशिवाय तुम्हाला कुणी पुढं जाऊ देणार नाही.