खुर्ची आणि घोडा

इ.स. 669. तार्ससचे थिओडोर साठी उलटल्यावर कँटरबरीचे आर्चबिशप होऊन इंग्लंडात आले आणि चर्चची विस्कटलेली घडी बसवू लागले. नॉर्थम्ब्रियात बिशप होते चॅड. तुमचा अभिषेकच नियमाला धरून झालेला नाही, असा ठपका थिओडोरनी त्यांच्यावर ठेवला.

दोष चॅडचा नव्हता. राजा ऑस्वीने त्यांना अभिषेकासाठी कँटरबरीला धाडले, तोवर तिथले आर्चबिशप वारले होते. मग वेसेक्सच्या विनी यांनी दोन ब्रिटन बिशपना जोडीला घेऊन विधी उरकला. त्यातून या गादीवर विल्फ्रिड यांचाही हक्क होता. हेच विल्फ्रिड पुढे आपल्या हक्कासाठी दोनदा रोमपर्यंत दाद मागायला गेले.

चॅडनी एका शब्दाचाही वाद घातला नाही. या पदाला आपण लायक आहोत असे कधी वाटलेच नाही, आज्ञा म्हणून ते स्वीकारले, एवढे सांगून ते लॅस्टिंगहॅमच्या मठात परतले.

थिओडोरना माणूस कळला. मर्सियाच्या राजाने बिशप मागितला, तेव्हा त्यांनी चॅडनाच लिचफील्डला पाठवले. लांबच्या प्रवासाला घोडा वापरा, असेही बजावले. आणि खुर्ची निमूट सोडणारा हा माणूस इथे मात्र अडून बसला! शेवटी म्हाताऱ्या आर्चबिशपांनी स्वतःच्या हातांनी त्यांना उचलून घोड्यावर बसवले, असे बीड या भिक्षूने आपल्या इतिहासात लिहिले आहे.

हा हट्ट गुरूकडून आला होता. एडन गावोगाव पायी फिरत, भेटेल त्याच्याशी बोलत. राजाने दिलेला उमदा घोडा त्यांनी भिकाऱ्याला देऊन टाकला होता. जमिनीवरून चालणाऱ्याला नांगरणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येतो. पण थिओडोरचा हिशेबही खोटा नव्हता. मर्सिया आणि लिंडसी मिळून मुलूख अफाट होता, आणि चॅडना तिथे जेमतेम अडीच वर्षे मिळाली. 2 मार्च 672 रोजी साथीने त्यांना नेले.

त्यांची समाधी छोट्या लाकडी घरासारखी होती. भिंतीतल्या भोकातून हात घालून लोक धूळ काढत आणि अंगाऱ्यासारखी पाण्यात कालवून आजारी माणसांना, गुराढोरांना पाजत.

चॅडच्या जागी त्यांचाच डीकन विनफ्रिथ आला. काही वर्षांनी थिओडोरनी त्याला पदावरून दूर केले. कारण होते आज्ञाभंग.