रविवारच्या सुटीचं खूळ

भडगाव, जि. जळगाव

चि. मीनल,
तुझ्या कामवाल्या मावशींनी आठवड्याची सुटी मागितली, आणि इमारतीतल्या बाया म्हणतात, हे खूळ मिशनच्या सिस्टरांनी भरवलंय. असेलही. पण ते खूळ नव्हे.

आपल्याकडे सिस्टर म्हटलं की शाळा, नाहीतर दवाखाना. सिस्टर जीन देवोस यांनी वेगळीच वाट धरली. त्या मूळच्या बेल्जियमच्या. त्यांचा आयसीएम हा धर्मभगिनींचा संघ मात्र १८९७ साली तमिळनाडूतल्या मुळगुमुडूत जन्मला. १९८५ मध्ये त्यांनी राष्ट्रीय घरेलू कामगार चळवळ सुरू केली, पुढे मुंबई हे तिचं ठाणं झालं.

काम सोपं नव्हतं. इथे कपाशी वेचणीचा दर चारचौघींत ठरतो; बाया अडून बसल्या की मालक नमतो. धुणीभांडीवालीचा पगार ठरतो दाराआड, एकटीशी. मालकीण दिवाळीला जुनी साडी देते आणि पगारवाढ त्या साडीच्या घडीत दबून जाते. सिस्टरांनी नेमक्या या एकट्या बायांना एकत्र बसवलं. कामाचं आमिष दाखवून आणलेल्या मुलींना सोडवण्यासाठीही त्या धडपडल्या.

सगळं श्रेय त्यांनाच देऊ नये. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्येच संप केला होता, आणि पुढेही अनेक संघटना लढत राहिल्या. या सगळ्या रेट्यामुळे थोडं तरी हललं. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर बंदी आली. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात अपघात, बाळंतपण, मुलांचं शिक्षण यांसाठी मदतीची तरतूद आहे. पगार किती, सुटी किती, याबद्दल मात्र तो गप्प!

जून २०११ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १८९ क्रमांकाचा करार केला. घरकामगाराला आठवड्यात सलग चोवीस तास विश्रांती, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. भारताने बाजूने मत दिलं, पण कराराला मान्यता दिलेली नाही. हात वर करायचा आणि सही टाळायची, याला मी तरी लबाडीच म्हणते.

म्हणजे कायदा काही तुझ्या दारात येणार नाही. रविवारची भांडी तूच घास आणि त्या दिवसाचे पैसे कापू नकोस. मावशींची मंडळात नोंदणी झाली नसेल, तर त्यांच्याबरोबर कामगार कार्यालयात जाऊन ये.

तुझी,
आत्या