मिस्सेतला नमस्कार

मैत्रिणींनो, रविवारची मिस्सा म्हणजे आमच्या वसईच्या घरात सकाळपासून धांदल! एकदा निघता निघता मी सासूबाईंना तोडून बोलले. चर्चमध्ये शांतीची खूण करायची वेळ आली. मी सगळ्यांना हात जोडले, फक्त त्यांच्याकडे वळले नाही. त्याच वळल्या, हात जोडून हसल्या. कम्युनियन घेताना माझा गळा दाटून आला.

घरी मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "अगं, माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, शब्द कळत नसत. १९६५ साली व्हॅटिकन परिषद संपली, पुढे ती मराठीत आली. आता कळते, तर तसं वागायला नको?"

तेव्हापासून शनिवारी रात्री जपमाळेनंतर आम्ही आठवड्याचे रुसवे मिटवूनच झोपतो. तुम्हीही करून पाहा, बरं का!