रक्तदात्याचं लोह

मे महिन्यात रक्तपेढ्यांची तारांबळ उडते. कॉलेजं बंद, नोकरदार गावाला गेलेले, शिबिरं थंडावलेली. अपघात, बाळंतपणं आणि शस्त्रक्रिया मात्र उन्हाळा बघून थांबत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. रक्त चढवायची वेळ जवळ आली की ती बाकावर डोकं टेकून बसायची, आणि चढवून आली की मधल्या सुट्टीत लंगडी खेळायची. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर मी रक्तदान करायला लागले, आणि पुढे त्यात कधी खंड पाडला नाही.

आपल्याकडच्या नियमानुसार पुरुषांनी दोन रक्तदानांमध्ये 90 दिवसांचं अंतर ठेवायचं आणि बायकांनी 120 दिवसांचं. म्हणजे बाईला वर्षातून तीनदा रक्त देता येतं. वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 लागतं. माझं हिमोग्लोबिन जेमतेम का होईना, त्या रेषेच्या वर भरायचं. कार्डावर शिक्का बसायचा, कॉफी-बिस्किटं व्हायची आणि मी पुढच्या तारखेची खूण कॅलेंडरवर करून ठेवायची.

थकवा कधी सुरू झाला ते सांगता येणार नाही. दुपारच्या तासाला फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना हात भरून यायचा. शाळेचा दुसरा मजला चढला की वर्गात शिरण्याआधी कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. रात्री अंथरुणावर पडलं की पाय शिवशिवायचे, सारखे हलवावेसे वाटायचे. केस तर मूठमूठ गळत होते. चाळिशी उलटलेल्या बाईने असं काही सांगितलं की सगळ्यांचं उत्तर तयार असतं: वय झालं, दगदग होते, पाळी जायची वेळ आली.

आणि बर्फ. जेवणं आटोपली की मी फ्रीजरमधला ट्रे काढायची, ओट्यावर आपटून खडे मोकळे करायची आणि एकामागून एक कडाकडा चावून खायची. थंडीतसुद्धा. सासूबाई म्हणायच्या, “अगं, दात हलतील अशाने.” ट्रे पुन्हा भरून ठेवताना तो गोठेल कधी याचीच मला घाई असायची. हे डॉक्टरांना सांगण्यासारखं काही आहे, असं कधी मनातही आलं नाही.

गणेशोत्सवातल्या शिबिरात माझं रक्तदान थांबलं. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब जड असतो, तो सरळ तळाशी जातो. माझा थेंब थोडा खाली गेला, घुटमळला आणि वर आला. “ताई, तरंगला,” तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. मशीनवर पुन्हा तपासलं तर 11.4. पालक, बीट, गूळ खा आणि तीन महिन्यांनी या, एवढं सांगून तिने पुढच्या माणसाला बोलावलं. तिच्यासमोर भली मोठी रांग होती.

आमच्या डॉक्टरांनी मात्र अर्धा तास दिला. पाळीत किती जातं, मूळव्याध आहे का, शौचाला काळं होतं का, चहा जेवणाला लागून घेता का, असं सगळं विचारलं. रक्त कमी होण्याचं दुसरं कारण सुटू नये म्हणून हे विचारावंच लागतं. मग मध्येच म्हणाले, “बाई, बर्फ खावासा वाटतो का?” मी चमकले. लोह फार कमी झालं की काही जणांना माती, खडू किंवा बर्फ खाण्याची अशी ओढ लागते, हे तेव्हा कळलं.

फेरिटिन तपासलं, ते 6 निघालं. फेरिटिनवरून शरीरातल्या लोहाचा साठा कळतो, आणि 15 च्या खाली म्हणजे साठा संपल्यातच जमा. डॉक्टर म्हणाले, “घरात रोज पोळ्या होतात म्हणजे पिठाचा डबा भरलेला आहे असं नव्हे.” शरीर आधी साठ्यातलं लोह काढून हिमोग्लोबिन बनवत राहतं. साठा तळाला गेला की मगच हिमोग्लोबिन उतरतं. म्हणजे मी शिबिरात पास होत होते तेव्हाच आतून रिकामी होत चालले होते.

हिशोब त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे मांडून दाखवला. 350 मिलिलिटरच्या एका पिशवीबरोबर साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह जातं. बाईच्या शरीरातला सगळा साठा सरासरी तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पुरुषाचा याहून बराच जास्त. अन्नातून रोज अंगी लागतं एक ते दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलं एक तर रोजच्या झिजेतच जातं. वर पाळीचं वेगळं. चार महिन्यांत ही तूट नुसत्या जेवणातून भरून निघणं बहुतेक बायकांना जमणारं नाही. शाकाहारी असेल तर आणखी अवघड, कारण भाजी-डाळीतलं लोह मांसातल्यापेक्षा कमी शोषलं जातं. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हा तर निव्वळ समज आहे.

लोहाची गोळी एक दिवसाआड, उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा निदान दोन तास लांब ठेवायचा. बर्फाची ओढ आधी गेली, काही आठवड्यांतच. हिमोग्लोबिनही लवकर सुधारलं. साठा भरायला मात्र कित्येक महिने लागले. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

मला खंत याची वाटते की नियमित दात्याला हे कुणी सांगत नाही. नेदरलँड्समध्ये 2017 पासून टप्प्याटप्प्याने दात्यांचं फेरिटिन तपासायला लागले. 15 च्या खाली असेल तर वर्षभर आणि 15 ते 30 असेल तर सहा महिने रक्त घेत नाहीत. आपल्याकडे सरसकट एवढी तपासणी परवडणार नाही, हे मान्य. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 57 टक्के बायका ॲनिमियाच्या निघाल्या. अशा देशात जी बाई 12.5 गाठून वर्षातून तीनदा रक्त द्यायला येते, तिला जपणं हे रक्तपेढीचं काम नव्हे का? दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आलेल्या बाईला थकवा, पाळी, बर्फ एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात.

मी आता वर्षातून एकदाच रक्त देते, तेही फेरिटिन बघून. आमच्या मंडळातली मुलं शिबिरात बॅगा वाटतात. यंदा त्यांच्या बैठकीत मी म्हटलं, बॅगांचा खर्च वाचवा आणि नेहमीच्या दात्यांसाठी फेरिटिनच्या तपासणीचे पैसे भरा. डॉक्टर सांगतील त्यांना लोहाच्या गोळ्याही द्या. एकजण म्हणाला, “बाई, बॅगा नसतील तर गर्दी कमी होईल.” होईलही. पण दरवर्षी न चुकता येणारी माणसं बॅगेसाठी येत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. बायकांच्या टेबलापासून सुरुवात करू, असं शेवटी ठरलं आहे.