मामांनी दाखवलेला माळ

बारामतीच्या शाळेत असताना मुलांना घेऊन सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलो आणि तिथल्या एका वनमजुराची गाठ पडली. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. माळरानाकडे बघायला मी त्यांच्याकडून शिकलो. ते ऋण फिटणारं नाही.

1997 साली चिंकाऱ्यासाठी राखलेलं हे अभयारण्य अवघं 5.14 चौरस किलोमीटरचं. चौफुल्याहून मोरगावच्या गणपतीला निघालेल्या गाड्या जवळूनच जातात. बहुतेकांना हा माळ पडीक वाटतो. मामा मुलांना म्हणाले, “हरणं मागनं बघू. आधी खाली बघा.” खाली लेंड्यांचा ढीग होता. चिंकारा ठरलेल्या जागीच परत परत येऊन लेंड्या टाकतो. मामांनी एक लेंडी बोटांनी फोडली, आतला ओलसर हिरवा भाग दाखवला. “आज सकाळी येऊन गेलंय.” गोंगाट करणारी पोरं एकदम गप्प. पुढे हिवराच्या आडून मादी दिसली, बारीक शिंगांची. तिनं पुढचा पाय आपटला, नाकातून शिंकेसारखा आवाज काढला आणि गवतात नाहीशी झाली.

नंतर मी उन्हाळ्यात जात राहिलो ते मामांच्या हाताखाली काम करायला. टँकर यायच्या आत पाणवठ्याचं शेवाळ खरवडायचं, गाळ पाट्यांनी उपसायचा. काठाला चपटे दगड उतरते लावण्याबद्दल मामा फार काटेकोर. पाण्यात पडलेला सरडा, होल्याचं पिल्लू त्यावरून वर येतं. चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो, पण ऐन वैशाखात तोही पाणी शोधत रस्त्याकडे, कुत्र्यांच्या तोंडी जाण्याची भीती असते. दिवाळीनंतर गवत वाळलं की जाळरेषा घ्यायच्या: पट्टा कापायचा, वारा पडलेला बघून जाळायचा, म्हणजे कुणाच्या विडीनं लागलेला वणवा तिथं अडतो.

वाट सोडलेली मामांना खपायची नाही. माळटिटवी उघड्यावर, खड्यांत अंडी घालते; पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. आणि माळावर झाडं लावायला निघालेल्या मंडळींना ते हात जोडायचे. मला त्यांचं म्हणणं सोळा आणे पटतं. दाट झाडोऱ्याच्या सावलीत गवत मरतं आणि गवताबरोबर चंडोल, धाविक, खोकड सगळ्यांचंच घर जातं. पवन्या, मारवेल, कुसळी हेच इथलं जंगल.

मामांनी दिलेली ही नजर घेऊनच मी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला गेलो. तिथंही चिंकारा आहे, धनगरांच्या मेंढरांच्या मागावर राहणारा लांडगा आहे. आता कडबनवाडी आणि आमच्या शिर्सुफळच्या माळावर वन विभागाची गवताळ सफारी चालते. वाटाड्याही स्थानिकच. मामांनी आयुष्यभर केलेल्या कामाला आता गावात रोजगाराचीही जोड मिळाली, याचा मला फार आनंद आहे.

तुम्ही जरूर जा. गाडी आखलेल्या वाटेवरच ठेवा, जनावराच्या मागे पळवायला लावू नका, वाटाड्याचं ऐका. आणि मार्च-एप्रिलमध्ये सवड असेल तर वन विभागाला विचारून एखादा पाणवठा साफ करायला या.